26 हजार प्रकाशवर्षांवरचा दांडा आणि चौथं सेमिस्टर

प्रश्न: मॅडम, मी एम.एस्सी. फिजिक्सच्या चौथ्या सेमिस्टरला आहे. राहते डोंबिवलीला, कॉलेज मुंबईत. प्रोजेक्टचा विषय मी हट्टाने घेतला: आकाशगंगेच्या मधोमध ताऱ्यांचा जो लांबट दांडा (बार) आहे त्याचा तबकडीतल्या ताऱ्यांवर काय परिणाम होतो. सूर्याच्या परिसरात ‘हर्क्युलिस’ नावाचा ताऱ्यांचा एक प्रवाह आहे. तो दांड्यामुळे तयार झाला असं 2000 सालच्या एका पेपरमध्ये वाचलं, तसा कोड लिहिला आणि आलेखही बराचसा तसाच आला. मी खूश होते. मग नवे पेपर वाचायला घेतले, तर त्यांत दांड्याचा वेगच वेगळा आणि प्रवाहाचं कारणही वेगळं! माझा आलेख चुकीच्या कारणाने बरोबर आला असेल, तर त्याला काय अर्थ? गाईड म्हणतात, “तुझं तू ठरव, पण लवकर ठरव.” मैत्रीण म्हणते, विषय बदल, मशीन लर्निंगचं काहीतरी घे, नोकरीला तरी उपयोगी पडेल. सबमिशनला दोन महिने उरलेत. त्यात परवा जेवताना बाबांनी विचारलं, “तो दांडा एवढा लांब, तो इथल्या ताऱ्याला काय करणार?” मला धड उत्तर देता आलं नाही. विषय बदलू का?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर: विषय मुळीच बदलू नकोस. तुझ्या हातात आज जे आहे ते महिन्याभरापूर्वी नव्हतं. तेव्हा तुझ्याकडे एक आलेख होता. आता एकाच आलेखाला दोन कारणं लागू पडतात हे तुला कळलंय, आणि प्रोजेक्ट खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. पण सुरुवात बाबांच्या प्रश्नापासून करू. तो प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचं उत्तर नीट बसलं की पुढचा गुंता आपोआप सुटायला लागेल.

बाबांची शंका रास्त आहे. सूर्य केंद्रापासून साधारण 26 हजार 700 प्रकाशवर्षांवर आहे. दांडा केंद्राच्या दोन्ही बाजूंना जेमतेम 16 हजार प्रकाशवर्षं पसरलाय. सूर्याला केंद्राकडे ओढणारं बल आतल्या सगळ्या वस्तुमानाचं असतं. ते वस्तुमान गोल पसरलेलं नसून लांबट आहे एवढ्याने जो फरक पडतो, तोच दांड्याचा खास परिणाम. हा फरक अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. आपल्या इथे तो एकूण बलाच्या अवघा एखादा टक्का उरतो. तेव्हा जोराचाच हिशेब करायचा तर बाबांचं म्हणणं खरं आहे.

ताऱ्यांचं नशीब मात्र जोरावर ठरत नाही, वेळ जुळण्यावर ठरतं. हे वाक्य तुझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या प्रकरणात यायला हवं.

सूर्यासारखा तारा केंद्राभोवती एक फेरी साधारण 22 कोटी वर्षांत पुरी करतो. त्याची कक्षा नेमकं वर्तुळ नसते. फिरता फिरता तो थोडा आत येतो, थोडा बाहेर जातो, आणि या एका आत-बाहेरला साधारण 17 कोटी वर्षं लागतात. दांडा मात्र अख्खा एकाच कोनीय वेगाने फिरतो. तो घट्ट वस्तू आहे असं समजू नकोस. त्यातले तारे लांबट कक्षांमधून सतत पुढे सरकत असतात, कायम राहते आणि फिरते ती आकृती. आजच्या मोजमापांनुसार तिची एक फेरी 16 कोटी वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ दांडा सूर्यापेक्षा लवकर फिरतो, आणि त्याचं एक ना एक टोक दर 29 कोटी वर्षांनी सूर्याच्या दिशेला येऊन पुढे निघून जातं. एका वेळी तारा आत येत असताना हलका धक्का बसतो, पुढच्या वेळी बाहेर जात असताना. बेरीज-वजाबाकी होऊन हाती फारसं काही उरत नाही. बहुतेक ताऱ्यांचं असंच होतं.

काही ठरावीक अंतरांवर मात्र हिशेब वेगळा लागतो. तिथे प्रत्येक धक्का ताऱ्याच्या आत-बाहेरच्या त्याच टप्प्यावर येतो. मग एका टक्क्याचाही साठा होत जातो. हाच रेझोनन्स. तारा दांड्याच्या मागे पडत असेल आणि त्याच्या एका आत-बाहेरच्या वेळात दांडा त्याच्यापेक्षा बरोबर अर्धी फेरी पुढे जात असेल, तर तो बाहेरचा लिंडब्लाड रेझोनन्स. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ बेर्टिल लिंडब्लाड यांचं नाव त्याला मिळालंय. आतल्या बाजूला याच्या उलट: तिथे तारा दांड्याला मागे टाकतो. आणि या दोन्हींच्या मधे कोरोटेशन, जिथे तारा आणि दांडा एकाच कोनीय वेगाने फिरतात.

कोरोटेशन तुला रोज दिसतं. डोंबिवलीहून येताना फास्ट आणि स्लो गाड्या शेजारच्या रुळांवरून धावतात. दोघींचा वेग जुळला की समोरच्या डब्यातली दारात उभी असलेली बाई जागची हलत नाही. तिच्या हातातलं पुस्तकसुद्धा वाचता येईल असं वाटतं. वेगात जरा फरक पडला की ती हळूहळू मागे किंवा पुढे सरकते. कोरोटेशनवरच्या ताऱ्याला दांड्याचं टोक असंच जवळजवळ एका जागी दिसत राहतं, म्हणून अगदी क्षीण ओढीलाही काम करायला भरपूर वेळ मिळतो.

आता अशा एका ताऱ्याबरोबर थोडं चालू. बहुतेक विद्यार्थी इथेच घाई करतात. समज, तारा दांड्याच्या एका टोकाच्या थोडा पुढे आहे. टोक त्याला मागे ओढतं. त्याचा कोनीय संवेग (अँग्युलर मोमेंटम) कमी होतो, म्हणून तो आत सरकतो. पण आतल्या कक्षेत फेरी लवकर होते, तेव्हा मागे ओढला गेलेला तारा दांड्याच्या आणखी पुढे जातो! जात जात तो दांड्याच्या काटकोनातली दिशा ओलांडतो आणि दुसऱ्या टोकाच्या जवळ येतो. ते टोक त्याला पुढे ओढतं. संवेग वाढतो, तारा बाहेर सरकतो, तिथे फेरी हळू होते आणि तो मागे पडायला लागतो. असा तो त्या काटकोनाच्या दिशेभोवती पुढे-मागे करत राहतो, दांडा जाईल तिकडे त्याच्याबरोबर जातो. तो अडकलाय. हे कागदावर स्वतःच्या हाताने बाण काढून एकदा करून बघ. समीकरणांपेक्षा ते जास्त पक्कं बसेल, आणि व्हायवाला विचारलंच तर फळ्यावर काढून दाखवता येईल.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कोरोटेशनपाशी ताऱ्याचा संवेग बदलतो, पण त्याची कक्षा जास्त लांबट होत नाही. तो आत किंवा बाहेर जातो आणि त्याची चाल पहिल्यासारखीच शांत राहते. सेलवुड आणि बिनी यांनी 2002 मध्ये हे सर्पिल भुजांच्या बाबतीत दाखवलं आणि ताऱ्यांच्या स्थलांतराकडे बघायची दृष्टीच बदलून टाकली. लिंडब्लाड रेझोनन्सवर तसं होत नाही. तिथे संवेग बदलताना कक्षाही लांबट होते. हर्क्युलिसची जी दोन कारणं तू वाचलीस, जुन्या पेपरात लिंडब्लाड आणि नव्यांत कोरोटेशन, त्यांच्यातला खरा फरक इथे आहे.

आता हर्क्युलिसकडे येऊ. तुझ्या आलेखात आडव्या अक्षावर केंद्राच्या दिशेचा वेग आहे, उभ्या अक्षावर फिरण्याचा. मधे ताऱ्यांची मोठी दाटी, तिच्या खाली एक विरळ पट्टा, आणि त्या पट्ट्याच्याही खाली वेगळा पडलेला पुंजका. हे तारे फिरण्यात सेकंदाला साधारण 50 किलोमीटरने मागे आहेत आणि बहुतेक केंद्रापासून बाहेरच्या दिशेने चाललेत. एक छोटा हिशेब कर: इतक्या मागे राहिलेल्या ताऱ्याचा कोनीय संवेग सूर्याच्या सुमारे 80 टक्के भरतो, म्हणजे त्याची सरासरी कक्षा 21 हजार प्रकाशवर्षांच्या आसपास येते. हे तारे मूळचे इथले नाहीत. आतल्या भागात फिरणारे आहेत ते, आणि आपल्या परिसरात त्यांच्या कक्षेच्या बाहेरच्या कडेला आलेले आपल्याला दिसतात. हा हिशेब माझ्या मते अख्ख्या विषयाची किल्ली आहे. तो प्रोजेक्टमध्ये कुठेतरी तळटीपेत ढकलू नकोस.

2000 साली, तू वाचलास त्या पेपरमध्ये, वॉल्टर डेनेन यांनी मांडलं की दांडा बराच जलद आहे, 11-12 कोटी वर्षांत एक फेरी घेणारा. तसं असेल तर बाहेरचा लिंडब्लाड रेझोनन्स सूर्याच्या जरा आत, 24 हजार प्रकाशवर्षांच्या आसपास पडतो आणि ताऱ्यांचे दोन गट वेगळे पडतात. त्या काळच्या माहितीत हे चपखल बसत होतं, आणि तो पेपर आजही वाचण्यासारखा आहे.

मग दांड्याची लांबी नीट मोजली गेली. आपण तबकडीच्या आतच बसलोय आणि मधे धूळ आहे, म्हणून दांडा दिसणं फार कठीण. 1964 मध्ये खगोलशास्त्रज्ञ द व्होकुलूर यांनी वायूच्या हालचालींवरून तो असावा असं म्हटलं होतं, अवरक्त प्रकाशातला भक्कम पुरावा 1991 च्या सुमारास आला, आणि 2015 च्या आसपास ताऱ्यांची मोजणी करून त्याची अर्धी लांबी 5 किलोपार्सेकच्या, म्हणजे 16 हजार प्रकाशवर्षांच्या जवळपास ठरली. इथेच पेच पडला. कोणताही दांडा स्वतःच्या कोरोटेशनच्या बाहेर टिकत नाही, कारण त्यापलीकडच्या कक्षा दांड्याला आधार देण्याऐवजी त्याला आडव्या जातात. डेनेन यांच्या वेगाने कोरोटेशन 14 हजार प्रकाशवर्षांवर येतं. मग 16 हजारांचा दांडा त्यात मावणार कसा? दांडा लांब असेल तर तो हळूच फिरायला हवा. पुढे वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले वेग दर किलोपार्सेकला सेकंदाला 35 ते 41 किलोमीटर, म्हणजे एका फेरीला साधारण 15 ते 18 कोटी वर्षं, या पट्ट्यात येऊ लागले. अशा दांड्याचं कोरोटेशन 20 ते 21 हजार प्रकाशवर्षांच्या आसपास पडतं. वरच्या हिशेबातला आकडा आठव: हर्क्युलिसचे तारे तिथलेच! 2017 मध्ये पेरेझ-व्हिलेगास आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच दाखवलं. तो प्रवाह म्हणजे कोरोटेशनला अडकलेले तारे, आपण आत्ता चाललो त्या वाटेने जाणारे.

त्यानंतरचं काम मला फार आवडतं. दांडा एकाच वेगाने फिरत राहत नाही. भोवतालचं कृष्णद्रव्य त्याचा कोनीय संवेग काढून घेतं आणि तो मंदावतो. मंदावला की कोरोटेशन बाहेर सरकतं, आणि सरकता सरकता नवे तारे थरावर थर पकडत जातं. सगळ्यात आधी पकडलेले तारे, जे केंद्राजवळचे आणि जड मूलद्रव्यांनी संपन्न, ते रेझोनन्सच्या गाभ्यात असायला हवेत. चिबा आणि शॉनरिख यांनी 2021 मध्ये ताऱ्यांच्या जागा आणि वेग मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या माहितीत हे तपासलं, आणि गाभ्याकडे जाताना धातुप्रमाण, म्हणजे जड मूलद्रव्यांचा वाटा, खरोखर वाढताना दिसलं. दांडा जन्मल्यापासून निदान चतुर्थांशाने मंदावलाय असं त्याच गटाचं गणित सांगतं. सूर्याच्या परिसरातल्या ताऱ्यांवरून आकाशगंगेच्या गाभ्यातल्या वस्तूचा अब्जावधी वर्षांचा इतिहास वाचता येतो, हे मला आजही थक्क करतं.

आता दोन महिन्यांत काय करायचं ते बघू. ‘हर्क्युलिस कशामुळे?’ हा प्रश्न सोड, तो एका प्रोजेक्टचा नाही. तुझा प्रश्न असा ठेव: दांडा जलद असेल तर आणि हळू असेल तर, हा पुंजका जागेनुसार वेगवेगळा कसा बदलेल? तोच कोड दोन वेगांनी चालव. फक्त सूर्याच्या जागी नको, तिथे दोन्ही चित्रं सारखीच येणार, हे तू स्वतःच अनुभवलंस. केंद्राच्या थोडं जवळ बघ, थोडं लांब बघ, आणि मुख्य म्हणजे फिरण्याच्या दिशेने सूर्याच्या पुढे आणि मागेही बघ. कोरोटेशन आणि लिंडब्लाड या दोन्हींत पुंजका तिथे सारखा सरकत नाही. तुझा जुना आलेख वाया जाणार नाही. तो या तुलनेतली एक बाजू होईल.

त्याआधी कोडची एक परीक्षा घे. ताऱ्याची ऊर्जा आणि कोनीय संवेग, दांडा असताना दोन्ही बदलतात. पण ऊर्जेतून दांड्याचा वेग गुणिले संवेग वजा केलं तर उरणारी जॅकोबी राशी, दांड्याचा वेग आणि आकार बदलत नसेल तर, कायम राहते. दहा-वीस तारे घे, ही राशी काळासमोर मांड. रेषा सपाट आली तर पुढे जा. डुगडुगली किंवा सरकली तर वेळेचा टप्पा लहान कर. दांडा एकदम चालू करू नकोस, त्याच्या दोन-चार फेऱ्यांमध्ये हळूहळू वाढव, नाहीतर सुरुवातीच्या झटक्याने उठलेल्या लाटा तुला रेझोनन्स वाटतील. आणि ही राशी दांडा वाढत असताना टिकत नाही, तेव्हा परीक्षा तो पूर्ण वाढल्यानंतर घ्यायची.

माहिती मिळवायला पैसे लागत नाहीत. गायाच्या जून 2022 च्या माहितीसंचात सुमारे 3 कोटी 30 लाख ताऱ्यांचा आपल्या दिशेचा वेगही आहे, आणि तो सगळ्यांना खुला आहे. पूर्ण संच उतरवायला जाऊ नकोस. अंतराची खात्री असलेले, तबकडीच्या मधल्या पातळीजवळचे तारे तेवढे माग. मैत्रिणीला काळजीपोटी जे वाटतंय त्याचं उत्तरही यातच आहे. कोटीभर ओळींतून नेमकी माहिती गाळून काढणं आणि आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घेणं, हे मुलाखतीत सांगितलंस तर कुठलाही शहाणा माणूस कान देऊन ऐकेल.

व्हायवाला एक प्रश्न नक्की येईल: हे सगळं दांड्यानेच केलं कशावरून? सर्पिल भुजाही ताऱ्यांचे असे पुंजके तयार करतात. धनू बटू दीर्घिका ही आपली छोटी शेजारीण आपल्या तबकडीतून जाताना तिने उठवलेल्या लहरींचा मागही गायाच्या माहितीत 2018 पासून चर्चेत आहे. उत्तर देताना दांड्याची बाजू लढवू नकोस. तुझ्या कोडमध्ये फक्त दांडा आहे, तेव्हा तुझा निष्कर्ष दांड्याच्या दोन वेगांमधल्या फरकापुरता आहे, एवढं स्पष्ट सांग. ही मर्यादा पहिल्याच पानावर लिहून ठेवलीस तर तो प्रश्न अडचणीचा राहणार नाही.

जमलं तर एप्रिलमधल्या एखाद्या अमावास्येला बाबांना घेऊन वांगणीच्या बाजूला आकाशदर्शनाला जा. डोंबिवलीच्या गच्चीवरून हे दिसणार नाही. पहाटे तीननंतर दक्षिणेकडे वृश्चिक आणि धनू बघ, मग त्यांच्या डावीकडे वर, गरुडाच्या शेजारी, ढाल नावाचा लहानसा तारकासमूह शोध. दांड्याचं आपल्याकडचं टोक साधारण त्या दिशेला आहे, पलीकडचं वृश्चिकाच्या बाजूला. डोळ्यांना फक्त धूळ आणि दुधाळ पट्टा दिसेल, पण कुठे बोट दाखवायचं ते बाबांना सांगता येईल.

शेवटची एक सूचना. केंद्राच्या दिशेचा वेग धन धरायचा की ऋण, यावर पेपरांमध्ये एकमत नाही. काहींच्या आलेखात हर्क्युलिस डावीकडे असतो, काहींच्यात उजवीकडे. तू काय धरलंयस ते प्रत्येक आकृतीच्या खाली लिही, आणि जुन्या-नव्या पेपरांशी ताडून बघण्याआधी त्यांचं चिन्ह तपास.